डॉक्टरांची एक्सेल आणि सरांचा हॅमिल्टोनियन

पत्र : मी पुण्यात गणिती भौतिकीत पीएचडी करते आहे. चौथं वर्ष चालू आहे. विषय क्वांटम प्रणालींचं ऑप्टिमल कंट्रोल, म्हणजे अणू-रेणूंसारख्या प्रणालींना हवं तिथं कमीत कमी खर्चात कसं न्यायचं याचं गणित. मार्चमध्ये बाबांना एंडोस्कोपीसाठी बार्शीहून इथल्या एका मोठ्या रुग्णालयात आणलं होतं. तिथल्या पोटविकारतज्ज्ञांनी सहज माझा विषय विचारला आणि म्हणाले, "आम्ही दिवसभर हेच करतो, फक्त समीकरणं नसतात. या एकदा." मी गेले. त्यांचा प्रश्न असा की वर्षानुवर्षं ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्यांची गोळी उतरवत कशी न्यायची. त्या प्रश्नानं माझी झोप उडाली. पण तीन महिने झाले, प्रत्यक्षात चाललंय ते भलतंच. त्यांनी २१४ पेशंटची एक्सेल व्हॉट्सॲपवर पाठवली आणि "जरा पी-व्हॅल्यू काढून दे, कॉन्फरन्सला द्यायचंय" म्हणाले. (पी-व्हॅल्यू म्हणजे नुसत्या योगायोगानं एवढा फरक दिसण्याची शक्यता सांगणारा आकडा.) तेवढंच करतेय. माझ्या गाइड सरांच्या कानावर घातलं तर म्हणाले, "थिसिस होईपर्यंत हे धंदे नकोत. धड गणितातली राहणार नाहीस, धड मेडिकलची होणार नाहीस." आई म्हणते, नोकरी कुठल्या खात्यात लागणार ते आधी बघ. सोडून देऊ, की सरांना न सांगता चालू ठेवू?
— त्रिशंकू, पाषाण

त्रिशंकूबाई,

आधी तातडीचं. ती एक्सेल. तिच्यात नावं आहेत का ते तू लिहिलेलं नाहीस, पण पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात वय, तिसऱ्यात मोबाइल नंबर आणि फाइलचं नाव 'फायनल न्यू २' असं काहीतरी असणार, अशी पैज मी लावते. तसं असेल तर हे वाचून झाल्यावर ती फोनमधून, लॅपटॉपमधून आणि व्हॉट्सॲपच्या बॅकअपमधूनही काढून टाक. डॉक्टरांना सांग की नावांऐवजी क्रमांक घातलेली फाइल रुग्णालयाच्या मेलवरून हवी, आणि एथिक्स कमिटीच्या मंजुरीपत्रात तुझं नाव हवं. यात डॉक्टरांचा अपमान नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात : माणसांच्या माहितीवरचं संशोधन समितीपुढून जायला हवं. जुन्या फायलींचं, ओळख पुसलेलं काम असेल तर पेशंटच्या संमतीची अट समिती शिथिल करू शकते. पण ती समितीनं करायची. डॉक्टरांनी परस्पर ठरवायची नाही, आणि खोलीत बसून तू तर नाहीच नाही. उद्या काही निघालं तर डॉक्टरांच्या पाठीशी रुग्णालय असेल. तुझ्या पाठीशी कोण आहे?

आता मूळ प्रश्न.

सरांचं वाक्य ऐकून मला रशियन गणिती पोंत्र्यागिन आठवला. तुझ्या विषयाचा पाया ज्यानं घातला तोच. मूळचा टोपॉलॉजीतला, म्हणजे आकार ताणले-वाकवले तरी काय टिकतं त्या गणितातला माणूस. १९५५ च्या सुमारास सोव्हिएत हवाईदलाचे अधिकारी विमानांचे प्रश्न घेऊन त्याच्या संस्थेत आले आणि त्या परक्या दुखण्यातून मॅक्सिमम प्रिन्सिपल, म्हणजे इष्टतम कंट्रोलनं कुठली अट पाळायला हवी ते सांगणारं तत्त्व, निघालं. म्हणजे तू ज्या घरात राहतेस ते घरच मुळी कुंपण ओलांडून बांधलेलं आहे. याच माणसाची दुसरी गोष्ट मला जास्त जवळची वाटते. चौदाव्या वर्षी स्टोव्हचा भडका उडून त्याची दृष्टी गेली, आणि पुढे गणिताची पुस्तकं त्याला आईनं वाचून दाखवली. तिला गणित येत नव्हतं. मग चिन्ह दिसेल तसं ती सांगायची : संयोगाचं चिन्ह आलं की 'शेपट्या वर', छेदाचं आलं की 'शेपट्या खाली'. एवढ्यावर तो गणिती झाला. डॉक्टरांशी बोलताना तुला हेच करावं लागेल. 'कोस्टेट' (अवस्थेतला छोटा बदल शेवटी किती महागात पडेल ते सांगणारी राशी) हा शब्द ओपीडीत काढू नकोस. शेपटी वर आहे की खाली, ते सांग.

तेव्हा कुंपण ओलांडावं की नाही, हा प्रश्न माझ्या लेखी मोठा नाही. मोठा प्रश्न हा की पलीकडे "हे चुकलंय" असं तुला तोंडावर सांगणारं कुणी आहे का. मला एक भेटले होते, म्हणून सांगते.

पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा कॉलेजात शिकवत होते आणि एका ओळखीच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून ओमेप्राझोल या ॲसिडिटीच्या गोळीचं मॉडेल करायला घेतलं. पोटातून रक्तात, रक्तातून यकृतात, सगळे कप्पे नीट मांडले. आठ महिने घातले. औषध रक्तातून भराभर उतरतं, तासाभरात अर्धं होतं, म्हणून माझं इष्टतम उत्तर आलं की थोडी थोडी मात्रा दर तीन तासांनी द्यावी. आलेख इतका देखणा होता की मी तो रंगीत छापून घेतला. तेव्हा रंगीत प्रिंट महाग होती हो! डॉक्टरांनी तो कँटीनमध्ये चहाच्या कपाशेजारी ठेवून पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, ही गोळी लोक सकाळी एकदा घेतात आणि ती दिवसभर पुरते."

मग त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला जठराचं अस्तर काढलं आणि त्याला नळ काढले. आम्ल सोडणारे पंप. औषध त्या पंपांना कायमचं चिकटतं. रक्तातून ते निघून गेलं तरी पंप बंदच राहतात, आणि शरीराला नवे पंप बसवायला दिवस लागतात. त्यातही जे पंप चालू असतात तेच बंद पडतात, म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास. "प्लंबर घरात किती वेळ होता ते तुम्ही मोजलंत," ते म्हणाले, "त्यानं नळ किती बंद केले ते मोजलंच नाही." आठ महिने त्या एका वाक्यात गेले. तो कागद अजून माझ्याकडे आहे. रंगीत आलेख कुठे गेला कोण जाणे.

पुण्याचंच उदाहरण हवं तर दामोदर धर्मानंद कोसंबी. १९३३ ते १९४५ ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते. गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधलं अंतर काढायचं त्यांचं १९४४ चं सूत्र आजही जनुकांचे नकाशे करणारे 'कोसंबी फंक्शन' म्हणून वापरतात. त्याआधीचं हाल्डेनचं सूत्र असं धरून चालायचं की गुणसूत्रावर एका ठिकाणी अदलाबदल झाली तर शेजारच्या अदलाबदलीवर त्याचा परिणाम होत नाही. प्रत्यक्षात होतो. कोसंबींनी तो हिशेबात घेतला. गणित फार अवघड नव्हतं, पण पलीकडे माशा आणि मका मोजणारी माणसं होती. सूत्र आकड्यांना लावून बघता येत होतं. त्याच कोसंबींनी १९५९ मध्ये रीमान हायपोथिसिसवरची (अविभाज्य संख्यांबद्दलच्या, अजून न सुटलेल्या प्रश्नावरची) आपली मांडणी कृषी सांख्यिकीच्या नियतकालिकात छापली. तिथं ती तपासणार कोण? पुढे गणितज्ञांनी ती मानली नाही आणि एवढ्या मोठ्या माणसाची नाचक्की झाली. माणूस तोच, बुद्धी तीच.

आता तुझ्या प्रश्नाकडे बारकाईनं बघू, कारण डॉक्टरांचा मूळ प्रश्न खरंच चांगला आहे. पी-व्हॅल्यूच्या ढिगाऱ्याखाली तो गाडला जाऊ देऊ नकोस.

ही गोळी बरेच दिवस घेतली की आम्ल कमी होतं, म्हणून शरीर गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढवतं आणि आम्लाला चेतवणाऱ्या पेशीही वाढतात. गोळी एकदम थांबवली की पंप काही दिवसांत परत येतात, पण वाढलेल्या पेशी ओसरायला आठवडे लागतात. मधल्या काळात आम्ल पूर्वीपेक्षाही जास्त. २००९ मध्ये डेन्मार्कमध्ये १२० धडधाकट माणसांवर हे करून पाहिलं. निम्म्यांना आठ आठवडे खरी गोळी दिली आणि मग बंद केली. गोळी थांबल्यानंतरच्या आठवड्यांत त्यांतल्या ४४ टक्क्यांना ॲसिडिटीचा त्रास झाला. ज्यांची गोळी पहिल्यापासून खोटीच होती त्यांच्यात हे प्रमाण १५ टक्के. लक्षात घे, या माणसांना मुळात काही आजारच नव्हता. पेशंटला वाटतं की आजार उलटला, आणि तो कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून परत पॅन-डीची स्ट्रिप आणतो. (हे वाचून कुणी आपली गोळी परस्पर बंद करू नये. काहींना ती पोटातला रक्तस्राव टाळण्यासाठी असते. डॉक्टरांना विचारा.)

एक वेगानं बदलणारी अवस्था (पंप), एक सावकाश बदलणारी (पेशी), आणि मध्ये कंट्रोल (गोळी). तुझ्या तोंडाला पाणी सुटलं असणार, मला कळतंय. पण इथंच तुला ठेच लागणार आहे.

तुझ्या स्पिनच्या, म्हणजे अणुकेंद्रांच्या चुंबकी गुणधर्माच्या, कामात हॅमिल्टोनियन, म्हणजे प्रणाली कशी बदलणार ते ठरवणारं ऊर्जेचं सूत्र, हातात असतो. वारंवारता कितीतरी दशांश स्थळांपर्यंत माहीत. २००५ मध्ये एनएमआरवाल्यांसाठी, म्हणजे चुंबकात ठेवून अणुकेंद्रांचे संकेत वाचणाऱ्यांसाठी, ग्रेप नावाची रीत आली तेव्हापासून तुम्ही लोक ग्रेडियंट (कुठल्या दिशेनं बदललं तर उत्तर सुधारेल ते) काढता, पल्स सुधारता, पुन्हा काढता, आणि उत्तर प्रयोगाशी जुळतं. पोटाचा हॅमिल्टोनियन कुणी लिहून दिलेला नाही. पोंत्र्यागिनच्या रीतीत त्याच नावाचं एक फंक्शन तू मांडशील, पण त्यातले सहा-सात स्थिरांक माणसागणिक वेगळे असतील. म्हणून कंट्रोल सगळ्यात शेवटी. त्याआधी विचारायचं की जे मोजता येतं त्यावरून हे स्थिरांक ओळखता तरी येतात का. माझ्या मते तुझ्या संशोधनाचा खरा ऐवज तिथं आहे, देखण्या आलेखात नाही.

दुसरी ठेच कॉस्ट फंक्शनलची, म्हणजे काय कमीत कमी करायचं ते सांगणाऱ्या बेरजेची. या प्रकारचे पेपर मी पुष्कळ वाचले आहेत. जळजळीचा वर्ग, अधिक बी गुणिले गोळीचा वर्ग (बी म्हणजे गोळीला किती वजन द्यायचं तो आकडा), बी बरोबर एक, आणि चला पुढे. गोळीचा वर्ग म्हणजे काय गं? चाळीस मिलीग्रॅमचा वर्ग सोळाशे, तो कुणाच्या पोटात दुखतो? वर्ग आपण घेतो कारण डेरिव्हेटिव्ह सरळ येतो आणि कंट्रोल गुळगुळीत निघतं. मग उत्तर येतं की बाराव्या दिवशी १७.३ मिलीग्रॅम द्या. स्ट्रिप वीसची आणि चाळीसची येते. कंट्रोल एकघाती घेतलंस तर बहुधा बँग-बँग उत्तर मिळेल : अमुक दिवसापर्यंत पूर्ण, मग बंद, मग कदाचित मध्येच थोडे दिवस परत. ते दिसायला ओबडधोबड असेल, पण डॉक्टरांना त्यातून तारखा मिळतात. आणि तो बी किती घ्यायचा ते तू ठरवायचं नाहीस, मीही नाही. जळजळीची एक रात्र आणि गोळीचा एक आठवडा यातलं काय परवडतं, हे ओपीडीत बाकावर बसलेली बाई सांगेल.

हे लोक काय, कशावरही समीकरण लावतील, असं डॉक्टरांना वाटायला आपणही जबाबदार आहोत. आतड्याच्या लाटेनं द्रव कसा पुढे सरकतो याचं १९६९ चं शपिरो आणि मंडळींचं काम घे. लांब लाट, कमी रेनॉल्ड्स (म्हणजे द्रव संथ, चिकट), स्वच्छ गणित. त्यानंतर आपल्याकडे त्यावर जे पीक आलं! नळी तिरकी केली, चुंबकीय क्षेत्र लावलं, नॅनोफ्लुइड (अतिसूक्ष्म कण मिसळलेला द्रव) घातलं, प्रत्येक वेळी नवा पेपर. आतडं पाहिलेलं कुणी त्यात दिसत नाही.

जमलेलं उदाहरणही देते, तुझ्याच डॉक्टरांच्या शाखेतलं. हेपटायटिस सी. १९९८ मध्ये 'सायन्स'मध्ये एक पेपर आला. मॉडेलमध्ये समीकरणं फक्त तीन : निरोगी पेशी, लागण झालेल्या पेशी, विषाणू. इंटरफेरॉन हे औषध सुरू केल्यावर विषाणू आधी एका दिवसात धाडकन खाली येतात आणि मग सावकाश उतरतात. त्या दोन उतारांवरून त्यांनी काढलं की विषाणूचं रक्तातलं अर्धायुष्य सुमारे २.७ तास आहे, रोज साधारण दहाचा बारावा घात इतके विषाणू तयार होतात, आणि औषध मुख्यतः हे नवं उत्पादनच अडवतं. आजार वर्षानुवर्षं शांत दिसतो, पण आत हा कारखाना रात्रंदिवस चालू असतो, हे त्या साध्या गणितातून दिसलं. पण हे जमलं कशामुळे? सुरुवातीच्या दोन दिवसांत पेशंटचं रक्त दर काही तासांनी घेतलं होतं म्हणून. दोन उतार वेगळे दिसावेत इतक्या दाट नोंदी होत्या.

तुझ्या २१४ ओळींत काय आहे? पेशंट तीन महिन्यांनी एकदा आला, काय लिहून दिलं, बरं वाटलं की नाही. त्यातून पंपांचा वेग कळणार नाही आणि पेशींचा तर नाहीच. कितीही पी-व्हॅल्यू काढ. डॉक्टरांना हे सरळ सांग, आणि बदल्यात दुसरं माग : ज्यांची गोळी ते तसंही कमी करणार आहेत अशा वीस-पंचवीस पेशंटची रोजची डायरी. गोळी घेतली का, किती, रात्री जळजळ झाली का, शून्य ते दहा. मराठीत छापलेला एक कागद पुरे. अर्थात तोही समितीपुढून. "बरोबर आहे, करू या" म्हणाले तर तो माणूस तुझ्या कामाचा आहे. "आधी कॉन्फरन्सचं होऊ दे, मग बघू" असं तिसऱ्यांदा म्हणाले तर तू त्यांची बिनपगारी सांख्यिकी आहेस आणि नमस्कार करून निघायला हरकत नाही. मधला मार्ग म्हणून ही एक एक्सेल, नावांऐवजी क्रमांक घातलेली, करून दे, पण दोन अटींवर : पेपरवर तुझं नाव, आणि आठवड्यातून एक सकाळ त्यांच्या ओपीडीत कोपऱ्यातली खुर्ची.

नावावरून आठवलं. आपल्याकडे गणितात लेखकांची नावं आद्याक्षरांच्या क्रमानं लागतात, त्यामुळे तुला या भांडणाची सवय नसेल. मेडिकलमध्ये पहिलं नाव ज्यानं राबून काम केलं त्याचं आणि शेवटचं मोठ्या डॉक्टरांचं, मधली बाकीची. मध्ये सातव्या नंबरावर जाऊन बसलीस तर नोकरीच्या मुलाखतीत कुणी विचारणार नाही. आयसीएमजेई या वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे लेखकत्वाचे चार निकष त्यांच्या जर्नलवाल्यांना माहीत असतात. कामात भरीव वाटा, लिखाणात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि उद्या प्रश्न आला तर उत्तर द्यायची जबाबदारी. ते काम सुरू करण्याआधी मेलवर लिहून घे. चहा पिताना ठरलेलं धरू नकोस.

राहिले सर. सरांना न सांगता चालू ठेवण्याचा विचार डोक्यातून काढ. पुण्यात असं काही लपत नाही. त्यांच्या ओळखीचा गणितज्ञ आणि एखादा डॉक्टर विद्यापीठाच्या गेटवर किंवा मुलाच्या मुंजीत भेटणारच. आणि सर खडूस आहेत म्हणून हे बोलले असं मला वाटत नाही. ते तुझं पाचवं वर्ष मोजतायत. फेलोशिप पाच वर्षांची. महिन्याचे ४२ हजार ज्या दिवशी थांबतील त्या दिवशी पाषाणमधल्या खोलीचं भाडं डॉक्टर भरणार नाहीत. तेव्हा पुढच्या आरएसीच्या (संशोधन सल्लागार समितीच्या बैठकीच्या) आधी सरांकडे दोन पानं घेऊन जा. पहिल्या पानावर थिसिसच्या उरलेल्या प्रकरणांच्या तारखा, खऱ्या, स्वप्नातल्या नव्हेत. दुसऱ्या पानावर हा पोटाचा प्रश्न, पण त्यांच्या भाषेत : एक जलद अवस्था, एक संथ, कंट्रोल शून्य, वीस किंवा चाळीस, स्थिरांक अज्ञात, ओळखता येतील का? 'ॲसिडिटी' हा शब्द पहिल्या परिच्छेदात नको. गणिताच्या वर्गीकरणात तुझं क्वांटम ८१ मध्ये, जीवशास्त्र ९२ मध्ये आणि ऑप्टिमल कंट्रोल ४९ मध्ये. सर ४९ वाले असतील तर दुसरं पान वाचल्यावर त्यांना राहवणार नाही. थिसिसमध्ये मात्र हे घालायचा हट्ट धरू नकोस. बाहेरून येणारा परीक्षक क्वांटमचा असेल, तो पोटाचं प्रकरण बघून बावचळेल. आठवड्यातली एक सकाळ, बाकी थिसिस, एवढंच माग.

आईला सांग की डायनॅमिक प्रोग्रॅमिंगवाला (मोठा निर्णय टप्प्याटप्प्यानं सोडवायची रीत काढणारा) रिचर्ड बेलमन शेवटी एकाच विद्यापीठात गणित, विद्युत अभियांत्रिकी आणि वैद्यक अशा तिन्हींचा प्राध्यापक होता. त्यानं तिचं समाधान होणार नाही. मग सांग की औषध कंपन्यांत डोसची मॉडेलं करणाऱ्यांची फार्माकोमेट्रिक्स म्हणून एक शाखाच आहे आणि तिथं डिफरन्शियल इक्वेशन येणारी माणसं लागतात. त्यानं होईल.

ओपीडीत पहिल्यांदा जाशील तेव्हा लॅपटॉप नेऊ नकोस. वही ने. पहिले चार आठवडे काही मांडायचं नाही, नुसतं ऐकायचं. लोक 'जळजळ' म्हणतात, 'पित्त' म्हणतात, 'गॅस छातीत चढला' म्हणतात, आणि डॉक्टर प्रत्येक वेळी वेगळा प्रश्न विचारून त्यातून वेगळी गोष्ट काढतात. ते कसं काढतात ते लिहून ठेव.

आणि अख्ख्या पत्रात बाबांच्या एंडोस्कोपीचा रिपोर्ट काय आला ते लिहिलं नाहीस. ते आधी कळव.